बातमीचे वाहक आणि बातमीचे धनी



राज्ये बुडाली म्हणजे त्यांची नाणी आटवली जातात, त्यांचे शिक्के मोडले जातात. पण त्यांचे शब्द मात्र लोकांच्या तोंडी चालत राहतात. शिवराई पैसा आज बाजारात कोणी घेणार नाही. पण ‘खबर’, ‘जाहीर’, ‘नोटीस’, ‘रिपोर्ट’ हे शब्द कोणीही घेतो आणि देतो. आपल्या तालुक्यातील एखाद्या वाडीवरची म्हातारी, जिने इंग्रजीचे एक अक्षर कधी गिरवले नाही, तीही ‘कोर्टाची नोटीस आली’ असे म्हणते, आणि तिला काय म्हणायचे आहे ते साऱ्या वाडीला एका क्षणात कळते. परक्या भाषेतला शब्द इतका खोल कसा गेला? आणि तो शब्द ऐकताच तिच्या पोटात गोळा का येतो?

या दोन प्रश्नांचा विचार आपल्याला आज करायचा आहे. ज्ञान, बातमी आणि माहितीची देवघेव यांसंबंधीचे इंग्रजी शब्द मराठीत आले ते रिकाम्या घरात आले नाहीत. येथे आधीच संस्कृत, फारसी आणि अरबी वळणाच्या शब्दांची वस्ती होती. कोण आले, कोण गेले, कोणी कोणाच्या शेजारी बिऱ्हाड केले, हा इतिहास मनोरंजक आहेच. पण त्याच्या पोटात दुसरा, अधिक महत्त्वाचा इतिहास दडलेला आहे. बातमी वाहून कोणी न्यायची आणि तिचा धनी कोण असायचा, हा तो इतिहास होय. तो सांगण्यासाठी मला मंडणगड तालुक्याबाहेर फारसे जावे लागणार नाही. सावित्रीच्या मुखाशी असलेली वेळास आणि बाणकोट ही दोन गावे आणि आतल्या अंगाला असलेले आंबडवे, एवढ्या तीन गावांत हा इतिहास बहुतांशी मावतो.

शब्दांची कुळे

प्रथम शब्दांची ओळख करून घेऊ. जुन्या मराठी पत्रांत बातमीला ‘वर्तमान’ म्हणत. ‘इकडील वर्तमान’ म्हणजे इकडे जे चालले आहे ते. त्यावरूनच पुढे ‘वर्तमानपत्र’ झाले. ‘वृत्त’ आणि ‘वार्ता’ हे शब्दही त्याच ‘वृत्’ धातूचे, म्हणजे सख्खे भाऊबहीण. ‘वार्ता’ झिजून ‘बात’ झाली आणि बातेपासून ‘बातमी’. म्हणजे वर्तमान, वृत्त, वार्ता आणि बातमी ही चारही नावे अखेरीस एकाच आजीची नातवंडे ठरतात.

‘खबर’ हा अरबी शब्द फारसीच्या दाराने आला. त्याचे अनेकवचन ‘अखबार’. ज्याच्यापाशी खबर आहे तो ‘खबरदार’. आज आपण कोणाला दटावताना ‘खबरदार!’ म्हणतो, तेव्हा ‘तुला कळून असो’ असा त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानातही नसतो. खबर ठेवतो तोच सावध राहतो, म्हणून ‘खबरदारी’ म्हणजे सावधपणा झाला. बातमी आणि सुरक्षितता यांचे नाते सामान्य माणसाने किती अचूक ओळखले होते पाहा! ‘माहिती’ हा आज अगदी घरचा वाटणारा शब्दही मूळचा अरबी घराण्यातला.

आता इंग्रजी शब्दांकडे वळू. ‘न्यूज’ म्हणजे नवी हकीकत. इंग्रजीतील चार दिशांच्या आद्याक्षरांपासून तो शब्द बनला अशी एक कहाणी सांगतात. ती खरी नाही. ‘न्यू’ आणि आपले ‘नव’ हे एकाच प्राचीन मुळाचे शब्द आहेत. आपणही पत्रात ‘नवलविशेष’ विचारतो, तेव्हा त्याच मुळाशी जाऊन पोहोचतो. ‘नॉलेज’मधला ‘नो’ आणि आपल्या ‘ज्ञान’, ‘जाणणे’ यांतला ‘ज्ञा’ हेही एकाच मुळाचे. गंमत अशी की ‘नोटीस’ हा शब्दही लॅटिन भाषेतून त्याच मुळाशी पोहोचतो. इंग्रजीतील ‘विट’ आणि ‘वाइज’ हे आपल्या ‘विद्’ धातूचे, म्हणजे वेद आणि विद्या यांचे नातलग आहेत, आणि ग्रीक भाषेतून आलेली ‘हिस्टरी’सुद्धा त्याच कुळातली. म्हणजे भाषाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर ‘ज्ञान’ आणि ‘नोटीस’ हे दूरचे चुलतभाऊ आहेत. परंतु एकाला आपण देव्हाऱ्यात बसवले आणि दुसऱ्याला पाहून दार लावून घेतो. हा फरक भाषेने केलेला नाही. तो कारभाराने केलेला आहे.

आणखी एक शब्द पाहू. ‘गॅझेट’ हा शब्द व्हेनिस शहरातला. तेथे सोळाव्या शतकात बातम्यांचे हस्तलिखित कागद मिळत, आणि ‘गझेटा’ हे तिथल्या एका किरकोळ नाण्याचे नाव होते. ते नाणे दिले की कागद मिळे, म्हणून कागदालाच नाण्याचे नाव पडले. आज गॅझेट म्हटले की सरकारी राजपत्र डोळ्यांपुढे येते. परंतु त्याचा जन्म बाजारात, चिल्लर पैशाला विकल्या जाणाऱ्या बातमीतून झाला. कोणीही नाणे टाकावे आणि बातमी घ्यावी, ही कल्पना युरोपात तेव्हा रुजू लागली होती. आपल्याकडे त्या काळी बातमीचा व्यवहार कसा चाले? त्यासाठी वेळासला जाऊ.

वेळास

वेळास हे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव. नानांचा जन्म १७४२ साली साताऱ्यास झाला आणि त्यांचे कर्तृत्व पुण्यात घडले. पण घराण्याचे मूळ या किनाऱ्यावरचे. पानिपताच्या वेळी नाना अठरा वर्षांचे होते आणि सैन्याबरोबर होते. त्या धामधुमीत त्यांची आई अंतरली, ते स्वतः कसेबसे वाचून परतले, आणि ती हकीकत त्यांनी आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे.

पानिपतच्या पराभवाची वार्ता पेशव्यांना कशी कळली ही कथा प्रसिद्धच आहे. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले असता जानेवारी १७६१च्या अखेरीस एका सावकाराचे पत्र त्यांच्या हाती पडले. त्यात मोती, मोहरा आणि चिल्लर नाणे यांच्या नुकसानीचा हिशेब होता. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, मोहरा म्हणजे सरदार, चिल्लर म्हणजे शिपाई, हा त्याचा अर्थ. लक्षात घ्या, एका साम्राज्याचा कणा मोडल्याची बातमी राज्यकर्त्याला मिळाली ती सावकाराच्या सांकेतिक पत्रातून. व्यापाऱ्याचा कासीद सरकारी जासुदाच्या पुढे धावला होता.

पुढे १७७४ पासून जवळजवळ पाव शतक नानांनी पुण्याचा कारभार हाकला, तो तलवारीच्या बळावर नव्हे. दिल्लीला हिंगणे, निजामाकडे गोविंदराव काळे असे वकील दरबारोदरबारी बसले होते, आणि त्यांच्या पत्रांतून हिंदुस्थानातील हालचालींची बित्तंबातमी पुण्याला येई. जासूद, हरकारे, काशीद अशी बातमी आणणारांची नावे त्या काळच्या कागदांत पदोपदी भेटतात. त्या वेळी ‘बातमीदार’ म्हणजे हेर. वर्तमानपत्राचा प्रतिनिधी हा अर्थ फार पुढचा. इंग्रजीतही ‘इंटेलिजन्स’ या शब्दाला बुद्धी, बातमी आणि हेरगिरी असे तिन्ही अर्थ आहेत, हे साम्य विचार करण्याजोगे आहे.

१७८६ साली चार्ल्स मॅलेट हा कंपनीचा रेसिडेंट पुण्याला येऊन बसला. तो नानांच्या बातम्या काढी आणि नाना त्याच्या. निजामाच्या दरबारालाही पुण्याहून फारसी अखबार जात. ते पुढे हैदराबादेत छापून निघाले. सारांश, अठराव्या शतकात बातम्यांची वाण मुळीच नव्हती. नानांचे मेणवलीचे दफ्तर पाहिले की माहितीचा किती मोठा साठा एका माणसाच्या हाती होता याची कल्पना येते. परंतु ती सारी माहिती दरबाराच्या मालकीची होती. पुण्याच्या पेठेतील कासाराला किंवा वेळासच्या भंडाऱ्याला ती कळावी असे कोणाच्या मनातही आले नाही. बातमी ही दारूगोळ्यासारखी कोठारात ठेवण्याची वस्तू होती. वाटण्याची नव्हती.

याचा परिणाम काय झाला? १८०० साली नाना वारले आणि त्यांच्याबरोबर त्या साऱ्या जाळ्याचा चालक गेला. दफ्तरे राहिली, ती वाचून राज्य चालवील असा माणूस उरला नाही. एका डोक्यात साठवलेली माहिती त्या डोक्याबरोबर जाते. जी चौघांत वाटलेली असते, ती चौघांपैकी एक गेला तरी टिकते.

गावकीचा निरोप

दरबाराचे असे, गावात काय होते? गावात बातमी दवंडीने येई आणि निरोपाने जाई. सरकारचा हुकूम आला की चावडीपुढे दवंडी पिटायची. कोणाकडे मयत झाली की ऊन असो, पाऊस असो, परगावच्या सोयऱ्यांना सांगावा पोहोचवायचा. सरकारी कागद आणि वसूल पुढच्या मुक्कामी नेऊन द्यायचा. ही कामे वतन म्हणून महारांकडे होती. वतन हा शब्द ऐकायला भारदस्त आहे. पण त्यात मोबदला अपुरा होता, नकार देण्याची सोय नव्हती आणि रात्री-अपरात्रीची सक्ती होती.

या व्यवस्थेतील विसंगती फार थोड्यांच्या ध्यानात आली. गावाची प्रत्येक बातमी जो माणूस वाहून नेई, त्याला ती वाचण्याचा अधिकार नव्हता. सरकारी खलिता त्याच्या हातात असे. त्यातील अक्षर मात्र त्याच्यासाठी नव्हते. मरणाचा निरोप त्याने दहा कोस तुडवत न्यायचा आणि तो सांगायचा दाराबाहेर उभे राहून. ज्ञान दिल्याने वाढते, ही आपली जुनी शिकवण. ती खोटी नाही. पण देण्याघेण्याच्या त्या वर्तुळात कोणाला घ्यायचे, हे आधीच ठरलेले होते. विद्या हे चोर नेऊ शकत नाही असे धन खरे. परंतु त्या धनाला कुलूप लावता येते हे आपल्या समाजाने सिद्ध करून दाखवले होते.

बाणकोट

आता वेळासहून शेजारच्या बाणकोटला येऊ. १७५५ साली कमोडोर जेम्सने आंग्र्यांकडून बाणकोटचा किल्ला घेतला आणि १७५६च्या तहाने पेशव्यांनी किल्ला व आसपासची काही गावे इंग्रजांना दिली. मराठ्यांचा हा हिंमतगड इंग्रजी कागदांत ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. पुष्कळांना वाटते की हे नाव व्हिक्टोरिया राणीवरून पडले. तसे नाही. राणीचा जन्म १८१९ सालचा. किल्ल्याचे नाव त्याच्या साठ वर्षे आधीचे. व्हिक्टोरिया म्हणजे विजय, एवढाच त्याचा अर्थ.

पेशवाई बुडण्याच्या साठ वर्षे आधीच या खाडीच्या तोंडाशी इंग्रजी कारभार सुरू झाला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८१८ नंतर दक्षिण कोकणचा जिल्हा बनला, तेव्हा त्याचे पहिले ठाणे बाणकोटलाच होते. १८२२ साली ते रत्नागिरीला हलले. म्हणजे इंग्रजी सत्तेचे कागद या जिल्ह्यात पहिल्यांदा सुटले ते मंडणगड तालुक्याच्या किनाऱ्यावरून.

या कागदांबरोबर जे शब्द खेड्यापाड्यांत उतरले त्यांची यादी करून पाहावी. नोटीस, समन्स, वॉरंट, रिपोर्ट, अपील, रजिस्टर, कोर्ट, स्टँप. यांतला एकही शब्द माणसाने माणसाला आपण होऊन काही सांगावे असा नाही. सारे शब्द वरून खाली येणारे. इंग्रजांच्या घरी ‘न्यूज’, ‘लेक्चर’, ‘लायब्ररी’, ‘डिस्कशन’ असेही शब्द होते. पण खेड्याच्या वाट्याला आधी समन्स आले, लायब्ररी फार मागाहून आली. म्हातारीच्या पोटात गोळा येतो तो यामुळे. ‘रिपोर्ट’ या लॅटिन कुळातील शब्दाचा मूळ अर्थ ‘परत वाहून आणणे’ असा आहे. आपल्याकडे तो ‘रपोट’ झाला आणि कोणाविरुद्ध तरी वर जाऊन सांगणे एवढाच त्याचा अर्थ उरला. पोलिसांच्या पहिल्या कागदाला आजही आपण ‘प्रथम खबरी अहवाल’ म्हणतो. इंग्रजी सांगाड्यात अरबी खबर बसली ती अशी.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच राजवटीत छापखाना आला, शाळा आल्या, कोश झाले. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्याने सुरू केलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीने १८४७ साली पुरा केला. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे. आणि ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ निघाले. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे कोकणातल्या पोंभुर्ल्याचे. दर्पणात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी दोन स्तंभांत छापलेला असे. म्हणजे प्रत्येक इंग्रजी शब्दाला मराठी जोडीदार शोधण्याचे काम या तरुण शास्त्र्याला अंकागणिक करावे लागे. विलायतेतील विद्यांचा अभ्यास वाढावा आणि लोकहिताच्या गोष्टींवर उघडपणे विचार व्हावा, असा दर्पणाचा हेतू होता. ‘उघडपणे’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. नानांच्या दफ्तरापासून दर्पणापर्यंत काळ अवघा बत्तीस वर्षांचा; पण बातमी कोठारातून चव्हाट्यावर आली होती.

त्यानंतरच्या पत्रांची नावे पाहा. १८४२ चा ‘ज्ञानोदय’, १८४९ चा ‘ज्ञानप्रकाश’, १८६७ चे ‘विविधज्ञानविस्तार’. जिकडे तिकडे ज्ञान! अमरकोशात मोक्षाविषयीच्या बुद्धीला ज्ञान आणि शिल्प व शास्त्रे यांविषयीच्या बुद्धीला विज्ञान म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकातील संपादकांनी ‘नॉलेज’साठी तोच ज्ञान शब्द घेतला आणि त्याला मोक्षावरून उतरवून भूगोल, आगगाडी, शेतकी, देवीची लस यांच्या कामाला लावले. शब्द जुना राहिला, अर्थ मात्र संसारी झाला. पुढे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी जो प्रचंड संग्रह सिद्ध केला, त्यालाही ‘ज्ञानकोश’ हेच नाव दिले. रत्नागिरीतही ‘जगन्मित्र’ आणि ‘सत्यशोधक’ अशी पत्रे निघू लागली होती.

कार्ड आणि तार

वर्तमानपत्रापेक्षाही कोकणच्या घराघरांत शिरला तो ‘पोस्ट’ हा शब्द. येथली कर्ती माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत. मागे राहिलेली बायामुले, म्हातारी माणसे आणि भाताची खाचरे. या दोन टोकांना बांधणारा दोर म्हणजे टपाल. १८७९ साली एका पैशाचे पोस्टकार्ड निघाले आणि १८८० साली टपालाची मनिऑर्डर सुरू झाली. ‘कार्ड’ आणि ‘मनिऑर्डर’ हे शब्द मराठी नाहीत असे कोकणातील चाकरमान्याच्या बायकोला सांगून पाहिले असते, तर तिने ते मानले नसते.

मंगल वार्तेच्या कार्डाला कुंकवाचे बोट लावायचे आणि मरणाच्या वार्तेच्या कार्डाचा कोपरा फाडायचा, ही रीत आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. ही रीत का पडली याचा विचार करा. कार्ड ज्याच्या हाती पडेल त्याला अक्षर येत नसेल, तरी निदान सुख की दुःख एवढे कळावे! निरक्षर समाजाने इंग्रजी कार्डावर आपली स्वतःची लिपी उमटवली ती अशी. ‘तार’ या शब्दाचेही तेच झाले. तारेने आनंदाची बातमीही येई. पण ‘तार आली’ एवढे शब्द ऐकले की घरात रडारड सुरू होई. मजकूर वाचायला पोस्टमन किंवा शाळेचा मास्तर मिळेपर्यंत धीर कोणाला? घरातले अत्यंत खाजगी दुःख परक्या तोंडून ऐकायचे, हे ज्यांनी सोसले त्यांनाच अक्षराची किंमत विचारावी. तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली. त्या रडण्याची आठवण अजून गेलेली नाही.

मग हे परके शब्द काढून टाकावेत काय? हा वाद आपल्याकडे जुना आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ या काळात स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, महापौर असे त्यांचे शब्द आज सर्रास चालतात. ‘दूरध्वनी’ मात्र कागदावर राहिला आणि तोंडात फोन बसला. स्वतःच्या भाषेत शब्द घडवण्याचा हा प्रयत्न आदरणीय आहे. परंतु एक गोष्ट विसरून चालणार नाही. ‘नोटीस’ काढून तेथे ‘सूचनापत्र’ लिहिले, तरी ज्याला वाचता येत नाही त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. आणि ज्याला वाचता येते तोही ‘सदरहू लाभ अनुज्ञेय नाही’ हे वाक्य वाचून शेजाऱ्याला विचारायला जातो, की हो म्हणतात का नाही म्हणतात? शब्दाची जात कोणती, यापेक्षा तो कोणाला कळतो हा प्रश्न मोठा आहे. तो प्रश्न ज्याने मुळापासून उपस्थित केला, त्याच्या गावी आता जाऊ.

आंबडवे

आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे घराणे सकपाळांचे. गावावरून आंबडवेकर आणि पुढे शाळेत आंबेडकर. बाबासाहेबांचा जन्म १८९१ साली महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिक्षक होते. कंपनीच्या आणि नंतरच्या सरकारच्या पलटणींत शिरल्यामुळे या समाजातील काही घरांना अक्षर मिळाले होते. गावकीने जे दिले नाही ते पलटणीने दिले. निवृत्त झाल्यावर रामजी काही काळ दापोलीला राहिले. दापोलीतच गोपाळबाबा वलंगकर हे दुसरे निवृत्त सैनिक राहत. ते ‘दीनबंधु’ पत्रात लिहीत आणि १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ हे छोटे पुस्तक लिहिले. निरोप्याच्या हातात लेखणी आली होती.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ पाक्षिक सुरू केले. शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. आजवर आपण पत्रांची नावे पाहिली ती दर्पण, प्रकाश, उदय अशी. हे नाव अगदी निराळे आहे. ज्यांना बोलू दिले नाही त्यांचा हा नायक. ज्या समाजाने शतकानुशतके गावोगाव दवंडी दिली तो समाज मुका कसा? तो दुसऱ्याचे शब्द मोठ्याने ओरडत होता. त्याचा स्वतःचा शब्द कोणी ऐकला नव्हता. दोन शतकांची बातमीची सारी विसंगती ‘मूकनायक’ या एका शब्दात आली आहे.

यानंतर ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. त्याच्या दोनच आठवडे आधी, २० मार्चला, सावित्रीच्या पलीकडे महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. त्या सत्याग्रहाची पार्श्वभूमी आपल्या विषयाला धरून आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली तो मान्यही केला. कागद पुरा होता. तळे मात्र बंदच होते. कागदावरचा हक्क ज्याला माहीत होतो आणि जो तो बजावायला चार पावले चालतो, त्याच्याच पदरात तो पडतो, हा धडा त्या दिवशी मिळाला. १९२८ साली बाबासाहेबांनी महार वतनासंबंधी विधेयक कायदेमंडळात आणले, १९३७ साली खोती नष्ट करण्याचे आणले. वतनात सक्तीचा निरोप होता आणि खोतीत कुळाला न वाचता येणारी खोताची वही होती. खोती १९४९च्या कायद्याने गेली, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८च्या कायद्याने. ‘जनता’ १९३० साली आणि ‘प्रबुद्ध भारत’ १९५६ साली निघाले. मूकपासून प्रबुद्धापर्यंतची ही छत्तीस वर्षांची वाटचाल पत्रांच्या नावांतच लिहिलेली आहे.

त्यांच्या चळवळीचे ब्रीद इंग्रजीत होते: एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइझ. मराठीत ते ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असे रूढ झाले. दुसरा शब्द तिसऱ्या जागी गेला. पहिला मात्र दोन्ही भाषांत पहिलाच राहिला.

आजचा प्रश्न

जगात सरकारी कागद पाहण्याचा हक्क लोकांना देणारा पहिला कायदा स्वीडनने १७६६ साली केला. बाणकोट इंग्रजांच्या हाती गेल्याला तेव्हा दहाच वर्षे झाली होती. आपल्याकडे महाराष्ट्राचा कायदा २००२ सालचा आणि साऱ्या देशाचा २००५ सालचा. ‘माहितीचा अधिकार’ या नावात अरबी वंशाची माहिती आणि संस्कृत अधिकार शेजारी बसले आहेत, आणि कल्पना युरोपातून फिरून आलेली आहे. या नावाला अशुद्ध कोण म्हणेल? दहा रुपये शुल्काचा अर्ज करावा आणि तीस दिवसांत उत्तर मिळावे, अशी त्याची साधी रीत आहे. नोटीस वरून खाली येत होती. हा अर्ज खालून वर जातो. इतक्या वर्षांनी कागदाची दिशा उलटी फिरली, हे लहान काम नव्हे. परंतु अर्ज लिहिणाराच नसेल तर कायदा काय करील?

आता आपल्या बोलण्यात नवे शब्द आले आहेत: मेसेज, फॉरवर्ड, अपडेट, शेअर. ‘शेअर’ या शब्दाचे मूळ कापण्यात आहे. इंग्रजीत कातरीला जो शब्द आहे त्याचाच तो भाऊ. कोकणात वाटणीचे दुःख कोणाला सांगायला नको. घर वाटले, परसू वाटले, कलमाच्या फांद्याही वाटल्या, आणि प्रत्येक वाटणीत वाटा लहान होत गेला. ज्ञान तेवढे असे आहे, की वाटले तरी कोणाचा वाटा लहान होत नाही. मात्र न वाचता, न तपासता पुढे ढकललेला निरोप म्हणजे वाटलेले ज्ञान नव्हे. आपण पुन्हा बातमीचे नुसते वाहक होतो, एवढाच त्याचा अर्थ. फरक इतकाच, की पूर्वी निरोप्याला वाचू दिले जात नव्हते, आणि आपण वाचता येत असून वाचत नाही. जुन्या निरोप्याला सोसावे लागले ते आठवले तर आपल्या आळसाची लाज वाटावी.

वसंत व्याख्यानमालेची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झाली. तिकीट नाही, परीक्षा नाही, ज्याला यायचे त्याने येऊन बसावे, ही तिची रीत. शाळा ज्यांना मिळाली नाही त्यांनाही कानांनी शिकता यावे ही त्यामागची कळकळ होती. आपण येथे ऐकता, घरी जाऊन चौघांत बोलता. त्या बोलण्यात हे काम पुरे होते. म्हणून शेवटी एक साधी विनंती करतो. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, तहसील कचेरीच्या भिंतीवर जे कागद लागतात, ते येता-जाता थांबून वाचावेत. न कळलेला शब्द विचारावा. आणि शेजारी उभ्या असलेल्या ज्या माणसाला वाचता येत नसेल, त्याला तो कागद मोठ्याने, सावकाश आणि सोप्या मराठीत वाचून दाखवावा. मग त्यात शब्द फारसी निघोत की इंग्रजी.